ग्रीक शोकांतिका आणि राज्यशास्त्र

प्रश्न : आमच्या गावात धानकापणी झाली की मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते आणि त्यात मी काम करतो. बी.ए.ला माझा राज्यशास्त्र विषय आहे. प्राचीन ग्रीक शोकांतिकांमधून राजकीय विचार मिळतो, असे सरांनी सांगितले. विचार तत्त्वज्ञ मांडतात. तो नाटककाराकडून कसा घ्यावा? यांतले एखादे नाटक आमच्या मंडळाला करता येईल का?
— एक वाचक, ता. देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर : आपल्या शंकेचे उत्तर एका नाटकाच्याच आधारे देतो. ग्रीक नाटककार एस्किलसचे ‘शरणार्थिनी’ हे नाटक इ.स.पू. 463च्या सुमारास अथेन्समध्ये झाले. तत्त्वज्ञ प्लेटोच्या जन्माला तेव्हा सुमारे 35 वर्षे अवकाश होता. चुलत भावांशी होणारे सक्तीचे लग्न टाळण्यासाठी दानाओसच्या 50 मुली इजिप्तहून पळून आर्गोस या ग्रीक नगराला येतात आणि नगराबाहेर देवांच्या मूर्तींपाशी बसून आश्रय मागतात. आश्रय दिला तर युद्ध ओढवणार आणि नाकारला तर शरणागतांचा रक्षक देव झ्यूस कोपणार, अशा पेचात राजा पेलास्गस सापडतो. ‘तूच नगर, तूच प्रजा’ असे मुली विनवतात, तरी नागरिकांना विचारल्याशिवाय तो शब्द देत नाही. तेव्हा त्या कमरेच्या पट्ट्यांकडे बोट दाखवतात आणि याच पट्ट्यांनी या मूर्तींना गळफास लावून घेऊ, असे बजावतात.

अखेर सभा भरते, उजवे हात वर होतात आणि एकमताने आश्रय मिळतो. ‘डेमोक्रसी’ हा शब्द ज्या दोन ग्रीक शब्दांपासून झाला, त्या ‘लोक’ आणि ‘सत्ता’ या अर्थांच्या शब्दांची सांगड या नाटकात वर झालेल्या हातांच्या संदर्भातच पडते.

मला मात्र त्याआधीचा तपशील अधिक मोलाचा वाटतो. लोकांना दया यावी म्हणून राजा मुलींच्या वडिलांना नगरातील वेद्यांवर शरणागतीच्या डहाळ्या ठेवायला पाठवतो, कारण प्रजा राज्यकर्त्यांवर ठपका ठेवायला तत्पर असते, हे तो जाणून आहे. आणि सभेतही तो झ्यूसच्या कोपाची भीती घालतो. मग हा निर्णय लोकांचा, की लोकांना वळवणाऱ्याचा? आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभा सर्वसहमतीने चालते. अशा सभेत जो बसला आहे, त्याला एकमतापूर्वी किती बोलणे आणि किती समजावणे होते, हे सांगावे लागत नाही. एस्किलसने नेमके तेच टिपले आहे.

तत्त्वज्ञांनीही या नाटककारांना गंभीरपणे घेतले. अलिखित कायद्याविषयी लिहिताना ॲरिस्टॉटल नाटककार सोफोक्लीसच्या अँटिगनीचा, म्हणजे राजाज्ञा मोडून भावाचे दफन करणाऱ्या नायिकेचा, दाखला देतो. प्लेटो तर आदर्श राज्यातून कवींना दूर ठेवू पाहतो, ते लोकांच्या मनावरचा त्यांचा प्रभाव ओळखूनच.

हे नाटक आपल्या मंडळाने अवश्य करावे. त्यात मुलींचा समूह हेच मुख्य पात्र आहे आणि त्याचा बराच भाग गाण्यांचा आहे, त्यामुळे गाण्यांवर जीव टाकणाऱ्या झाडीपट्टीला ते परके वाटणार नाही. एवढेच सांभाळावे की सभा रंगमंचावर आणू नये. मूळ नाटकात ती दिसत नाही. वडील परत येऊन तिचा वृत्तांत सांगतात, आणि तो ऐकणाऱ्या अथेन्सच्या प्रेक्षकांत स्वतःच्या सभेत असाच हात वर करणारे नागरिक बसलेले असत.