तुम्ही विचारा: उत्तरं आधीच सांगितलेली असतात का हो?

(टीव्हीवरच्या गेम शोसाठी स्पर्धक निवडण्याचं आणि सेटवर त्यांना सांभाळण्याचं काम केलेल्या ताई या वेळी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाने प्रश्नमंजूषेच्या एका कार्यक्रमासाठी ऑडिशन दिली. लेखी परीक्षेत त्याचं सगळं बरोबर होतं, तरी बोलावणं आलं नाही. कमी गुणांच्या एक बाई मात्र टीव्हीवर झळकल्या. म्हणजे सगळं ठरलेलंच असतं ना?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: दादा, उत्तरं कुणाला सांगत नाहीत, पण माणसं मात्र पारखून घेतात. लेखी परीक्षा ही पहिली चाळणी. खरी निवड होते ती त्यानंतर कॅमेऱ्यासमोर गप्पा मारताना. ‘पैसे मिळाले तर काय कराल?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘घर बांधीन, मुलांना शिकवीन’ म्हणतात. एक शिक्षिका म्हणाल्या, ‘आधी जावेची शिलाई मशीन परत करीन. ती मागत नाही आणि मला देववत नाही!’ आम्ही सगळे हसलो आणि त्यांच्या नावापुढे खूण केली. तुमचा भाऊ ‘हो’, ‘नाही’ एवढ्यावर थांबला असेल, तर तिथेच गाडी अडली असणार. अबोल हुशार माणसावर यात अन्याय होतो, हे मला मान्य आहे. पण प्रेक्षकाला बोलकं माणूस लागतं आणि चॅनेलला प्रेक्षक.

उत्तरं फोडण्याचा उद्योग अमेरिकेत होऊन गेलाय. १९५६ साली ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात हर्ब स्टेम्पेल नावाचा विजेता निर्मात्यांना नकोसा झाला. त्याला हरायला लावलं, तेही १९५५ सालच्या ऑस्करविजेत्या सिनेमाच्या प्रश्नावर. उत्तर होतं ‘मार्टी’, त्याचा लाडका सिनेमा! त्याच्या जागी आलेला कोलंबिया विद्यापीठाचा देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन पढवलेली उत्तरं देत होता. १९५९ मध्ये त्याने अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे कबुली दिली आणि १९६० मध्ये असा खेळ आधी ठरवणं तिथे कायद्याने गुन्हा झालं. ब्रिटनमध्ये २००१ साली उलटा प्रकार घडला. तिथे चार्ल्स इंग्रॅम हा स्पर्धकच साथीदाराच्या खोकल्यावरून बरोबर पर्याय ओळखत होता. २००३ मध्ये कोर्टाने त्याला दोषी ठरवलं.

म्हणून आमच्याकडे प्रश्न काढणाऱ्यांची खोली वेगळी असायची आणि स्पर्धकांशी बोलणाऱ्या माझ्यासारखीला तिथे पाऊल टाकायची मुभा नसायची. स्पर्धकांचे फोन सकाळीच जमा व्हायचे. बाथरूमला जाताना आमच्या टीममधली एक मुलगी दारापर्यंत सोबत. काहींना राग यायचा, पण नियम सगळ्यांना सारखा.

प्रश्न: आई पुढच्या महिन्यात एका कार्यक्रमात जाणार आहे. कपड्यांचं काय करावं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: बारीक रेघांचं, बारीक चौकड्यांचं काही नको, कॅमेऱ्यात ते थरथरतं. कपडे दोन-तीन जोड न्या, शूटिंग कुठल्या दिवशी संपेल याचा भरवसा नसतो. आतला एसी हाडं गोठवतो, तेव्हा शालही ठेवा.

आता खरी डोकेदुखी, बांगड्या. पदराच्या काठाशी छोटा माइक लावतात आणि हात हलला की तो किणकिणाट थेट ध्वनिमुद्रकाच्या कानात. तो म्हणणार, ‘काढा.’ बाई म्हणणार, ‘हिरव्या बांगड्या काढायच्या? मुळीच नाही!’ अशा वेळी मी केसांचं रबर घेऊन बांगड्या मनगटावर एकत्र बांधत असे आणि वर रुमाल. मंगळसूत्र माइकवर आपटत असेल तर ते ब्लाउजला आतून चिकटपट्टीने डकवायचं. आईंना रबर पर्समध्ये ठेवायला सांगा, सेटवर ऐन वेळी सापडत नाही.

आणि टीव्हीवर दिसणारे वेळ खरे मानू नका. विचार करायला स्पर्धकाने पाच-सात मिनिटं घेतली तरी घरी दिसतं अर्धं मिनिट. टाळ्याही कधी आधीच भरपूर वाजवून घेतात. सोबत आलेल्या नवऱ्याचा चिंतातुर चेहरा नेमका त्याच प्रश्नाचा असेल, असंही नाही. ही थोडी लबाडीच म्हणा, पण बक्षिसाच्या पैशाला तिचा धक्का लागत नाही.

प्रश्न: कोटी जिंकल्यावर हातात किती येतात?
— एक वाचक, अमरावती

उत्तर: तुमच्याच जिल्ह्यातल्या, अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांनी २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त कोटी जिंकले, तेव्हा हा प्रश्न घरोघरी झाला होता. बक्षिसावर ३० टक्के कर आधीच कापला जातो, म्हणजे कोटीतले ३० लाख. पुढे विवरणपत्र भरताना अधिभार (मोठ्या उत्पन्नावर लागणारा जादा कर) आणि ४ टक्के उपकर (करावरचा कर) वेगळे. या रकमेला एरवीची मूळ सूट किंवा विम्या-पीएफची वजावट लागू होत नाही.

बक्षिसात गाडी मिळाली तर आणखी गंमत. वस्तूतून कर कापता येत नाही, म्हणून तो भरला गेल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा कायदा आहे. टाळ्यांच्या कडकडाटात हातात पडते ती पुठ्ठ्याची मोठी चावी, आणि घरी गेल्यावर कराची रक्कम उभी करायला धावपळ सुरू होते.

व्हॉट्सॲपवर ‘तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली, आधी कर भरा’ असा संदेश आला, तर तो मात्र सरळ भामट्याचा. ज्या कार्यक्रमात तुम्ही गेलाच नाही, त्याचं बक्षीस लागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.