नंबर जुळतात, तारखा जुळत नाहीत

वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, जुनं इंजिन

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, ओहायो राज्यात कोलंबसला असतो. १९६९ ची शेवरोले कॅमारो झेड/२८ त्याच्या मनात भरली आहे. विकणारा म्हणतो, इंजिन गाडीचं मूळचंच आहे, सगळे नंबर जुळतात, आणि किंमतही त्याच हिशेबाने लावतो आहे. शेळगीचा प्लॉट विकून भावाच्या वाट्याला आलेले पैसे तो यात घालणार आहे. वडिलांना झोप नाही. भावाने काढलेले फोटो सोबत पाठवते आहे. गाडी खरी की बनवलेली, एवढं सांगा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, वडिलांना आधी हे सांगा की मुलगा शहाणा आहे. डॅशबोर्डचे आणि बॅजचे फोटो सगळेच काढतात. तुमच्या भावाने इंजिनाच्या पाठीमागे आरसा आणि बॅटरी घालून फोटो काढला आहे, आणि त्या एका फोटोनेच उत्तर दिलं. हे इंजिन या गाडीचं मूळचं नाही. गाडी मात्र खरी झेड/२८ असू शकते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि विकणारा त्या एका किमतीत बांधून विकतो आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं इंजिन बोरिंगचं काम आहे. त्याआधी काही वर्षं मी सिनसिनाटीत अशाच एका शॉपमध्ये होतो. नॉरवुडचा कारखाना, जिथे तुमच्या भावाची ही गाडी जुळली, तो त्या शहराला लागूनच. १९८७ साली तो बंद पडला, पण तिथल्या गाड्यांची इंजिनं आमच्याकडे कायम यायची. त्यामुळे हे फोटो पाहताना मला फार अंदाज बांधावे लागले नाहीत.

झेड/२८ ही शर्यतीसाठी काढलेली गाडी. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती, म्हणून शेवरोलेने ४ इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ३ इंच स्ट्रोकचं (पिस्टनची धाव) ३०२ घनइंची, पाच लिटरच्या आत बसणारं इंजिन बसवलं. १९६७ साली अशा फक्त ६०२ गाड्या निघाल्या. १९६९ च्या मॉडेलच्या एकूण २,४३,०८५ कॅमारोंपैकी झेड/२८ होत्या २०,३०२. म्हणजे एका झेड/२८ मागे अकरा साध्या गाड्या, आणि वरून पाहिलं तर तेच पत्रे, तीच दारं. पट्टे रंगवायचे, बॅज लावायचे, की साधी गाडी झेड/२८ दिसायला लागते.

गाडीचा मुख्य नंबर इथे मदतीला येत नाही. तुमच्या फोटोत तो १२४३७९एन असा सुरू होतो. १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवुड. झेड/२८ चा त्यात कुठेही उल्लेख नाही. २४ च्या जागी २३ असतं तर सहा सिलिंडरची गाडी, ३७ च्या जागी ६७ असतं तर उघड्या टपाची. मग पुढचं काही पाहायचीच गरज नव्हती. इथे तसं नाही.

आता फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा, ट्रिम टॅग. बॉडीची तारीख, रंग असे कोड असलेली ही छोटी पट्टी. त्यावर ०२डी आहे, म्हणजे फेब्रुवारीचा चौथा आठवडा. शिवाय एक्स७७ आहे. नॉरवुडने डिसेंबर १९६८ पासून हे एक्सचे कोड टॅगवर घालायला सुरुवात केली, आणि एक्स७७ म्हणजे स्टाईल ट्रिम (बाहेरची ज्यादा सजावट) न घेतलेली झेड/२८. (लॉस एंजेलिसच्या कारखान्यातल्या गाड्यांवर हे कोड नसतात, तिथे टॅगवर एक्स दिसला तर उलट शंका घ्यावी.) इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवर बसणाऱ्या भागाच्या) समोर जो सपाट पॅड आहे, त्यावर व्ही०२१२डीझेड ठोकलंय. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, १२ फेब्रुवारी ही इंजिन जुळवल्याची तारीख, आणि डीझेड हा १९६९ च्या ३०२ चा कोड. शेजारी गाडीच्या नंबराचे शेवटचे सहा आकडेही आहेत. इंजिन १२ तारखेचं, बॉडी महिनाअखेरची. इथपर्यंत छत्तीस गुण जुळले.

पण भावाचा तो आरशातला फोटो पाहा. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या मागे, उजव्या बाजूच्या कडेवर, ओतीव उठावाची अक्षरं आहेत : ई ८ ९. ही ब्लॉक ओतल्याची तारीख. ए म्हणजे जानेवारी, तर ई म्हणजे मे. ८ मे, आणि ९ हा सालाचा शेवटचा आकडा. जो ब्लॉक ओतलाच मे महिन्यात, त्याचं इंजिन त्याच साली १२ फेब्रुवारीला जुळणार कसं? आधी ओतकाम, मग जुळणी, मग ते गाडीत बसणार. हा क्रम कोणत्याही कारखान्यात उलटत नाही. डाव्या बाजूचा ओतीव नंबर ३९७००१० आहे. १९६९ मध्ये काही खरी ३०२ इंजिनं याच ब्लॉकवर निघाली, हे बरोबर. पण हाच ब्लॉक पुढे अनेक वर्षं ३५० घनइंचाच्या साध्या इंजिनांना, ट्रकनासुद्धा वापरला गेला. म्हणजे तो ९ हा १९७९ चाही असू शकतो.

पॅडचा फोटो मोठा करून पाहिला तर तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने कळते. आमच्याकडे ब्लॉक फेसिंगला, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट करायला येतो तेव्हा कटर गोल फिरतो, त्यामुळे धातूवर बारीक कमानदार रेघा राहतात. फ्लिंटमध्ये हे पृष्ठभाग ब्रोचिंगने (दातेरी हत्यार सरळ रेषेत फिरवून) कापायचे, त्याच्या रेघा सरळ, पुढून मागे, एकमेकींना समांतर पडतात. अस्सल पॅडवर त्या ठोकलेल्या आकड्यांच्या मधूनही दिसतात. या फोटोत कमानी आहेत आणि आकडे त्या कमानींच्या वर बसलेत. म्हणजे आधी फेसिंग झालं, नंतर आकडे ठोकले.

फेसिंगने मूळ आकडे जाणं यात खोटेपणा काही नाही. पॅड आणि हेडची बैठक एकाच सपाटीत असते, ब्लॉक सरळ केला की आकडे जातातच. माझ्या हातूनही असे कितीतरी ब्लॉक सरळ झालेत. पण त्या कोऱ्या जागेवर या गाडीचा नंबर आणि फेब्रुवारीची तारीख ठोकून ते ‘मूळचं इंजिन’ म्हणून एखाद्याच्या घामाचे पैसे घेणं ही फसवणूक आहे. मला याचा राग येतो, कारण हे करणारा माणूस माझ्याच धंद्यातला असतो. त्याच्या हातात कसब असतं आणि ते तो अशा कामाला लावतो.

मग गाडी सोडून द्यायची का? लगेच नको. इंजिन बदललेल्या खऱ्या झेड/२८ पुष्कळ आहेत. शर्यतीत आणि रस्त्यावर ही इंजिनं निर्दयपणे पळवली गेली. पण टॅग नवा बनवून मिळतो, म्हणून एक्स७७ वर थांबता येणार नाही. विंडस्क्रीनखालच्या नंबरपट्टीचे रिवेट फुलासारखे, पाकळ्यांचे असले पाहिजेत. बोनेटमागची जाळी काढली की खालच्या पत्र्यावर आणि हीटरच्या डब्यामागे फायरवॉलवर गाडीचा अर्धा नंबर ठोकलेला असतो. तो वरच्या नंबराशी जुळला पाहिजे. त्यासाठी थोडे स्क्रू काढावे लागतात. विकणारा नको म्हणाला तर भावाने तिथूनच परत फिरावं. मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग बारा बोल्टचं, मागे एकापेक्षा जास्त पाटे, पुढे डिस्क ब्रेक, चार गिअरचा हाताने टाकायचा गिअरबॉक्स हे सगळं हवंच. पण हे सगळं नंतर बसवताही येतं, त्यामुळे ते असण्यापेक्षा नसणं जास्त सांगतं. फायरवॉलवर कारखान्याच्या एसीच्या खुणा दिसल्या तर ती झेड/२८ नव्हे, कारण तिला एसी मिळतच नव्हता.

कागदांत वॉरंटी पुस्तिकेबरोबर आलेली धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर गाडीचा नंबर आणि इंजिनाचा कोड उठवलेला असतो. तीही नव्याने बनते. पहिल्या मालकाच्या काळातली बिलं सोबत असली तरच तिला वजन.

हे सगळं जुळलं, तर भावाने ‘खरी बॉडी, बदललेलं इंजिन’ या दराने बोलावं आणि आरशातला फोटो समोर ठेवावा. मूळ इंजिनाच्या नावाने एक डॉलरही द्यायचा नाही.

प्रश्न : सगळ्याच अमेरिकन गाड्यांत एवढी शोधाशोध करावी लागते का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. क्रायस्लरच्या गाड्यांत १९६६ पासून नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९७०-७१ च्या गाडीत तिथे आर नसेल तर ४२६ हेमी (क्रायस्लरचं ४२६ घनइंची इंजिन) म्हणून विकलेली गाडी कारखान्यातून हेमी घेऊन निघालेली नाही. पॉन्टियाक जीटीओचा नंबर १९६६ पासून २४२ ने सुरू होतो. १९६५ चा मात्र पॉन्टियाकच्याच साध्या लेमॅन्स मॉडेलसारखा २३७ ने, पण पॉन्टियाकच्या जुन्या नोंदी टिकल्यात आणि पैसे भरून मिळतात. १९६७ पासूनच्या फोर्डचंही तसंच. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेवरोलेंच्या अशा नोंदी मिळत नाहीत, म्हणून तिथे धातूच वाचावा लागतो. कॅनडात विकलेल्या गाडीचे कागद तिथल्या जनरल मोटर्सकडून मिळतात.

प्रश्न : रंग बदलला असेल तर गाडी खोटी धरावी का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : नाही. मूळ रंगाचा कोड ट्रिम टॅगवर असतो. १९६९ च्या कॅमारोत ७२ म्हणजे हगर ऑरेंज, ५२ म्हणजे गार्नेट रेड. रंगवणारे सहसा दिसेल तेवढंच रंगवतात, म्हणून डॅशबोर्डच्या खाली आणि डिकीच्या कोपऱ्यात जुना थर शोधावा. तो थर टॅगवरच्या कोडशी जुळत नसेल, तर टॅग दुसऱ्याच गाडीचा काढून लावलाय का हे आधी तपासावं.