सांडपाणी म्हणजे गटार नव्हे

ऐरोलीहून विचारणा आली आहे: ‘सांडपाण्यात विषाणूचा नवा व्हेरियंट’ अशी बातमी वाचली, तर व्हेरियंटला मराठीत काय म्हणायचं? आणि सांडपाणी म्हणजे गटारच ना?

नाही हो! गटार ही वाट, सांडपाणी हा तिच्यातून जाणारा ऐवज. ‘गटारात कोरोना’ ऐकून ऐकून कान किटले. नमुना सहसा मलप्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी घेतात, पाण्यावर प्रक्रिया होण्याआधी.

आता ‘सांड’. वळूशी त्याचा संबंध नाही. सांडशीशीही नाही, ती ‘संदंश’मधून आली. मूळ क्रियापद सांडणे. आमच्या नौपाड्याच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक ते ‘स्यंद्’ म्हणजे वाहणे यातून काढतात, आणि वर आमच्याकडे दयेनं बघतात. मग सोडणे, टाकणे या अर्थाचं गुजरातीतलं ‘छांडवुं’ नि ब्रजातलं ‘छाँड़ना’ कुठून आलं, गुरुजी? प्राकृतातल्या ‘छ’चा मराठीत ‘स’ होतो. हिंदीत छुरी, आपली सुरी, छाल, साल, मच्छ, मासा. तसंच प्राकृत ‘छड्ड’चं सांडणे, आणि त्याच्यामागे संस्कृत ‘छर्द्’: ओकणे, बाहेर टाकणे. वैद्य उलटीला आजही छर्दि म्हणतात. पसायदानातलं ‘खळांची व्यंकटी सांडो’ यातलंच, धरणाचा सांडवाही याच घरचा.

खरी गंमत पुढे आहे. कोरोना झालेल्या पुष्कळांच्या विष्ठेतून विषाणूचे जनुकीय तुकडे बाहेर पडतात, लक्षणं नसलेल्यांच्याही. इंग्रजीवाले त्याला शेडिंग म्हणतात. अहो, सांडणंच ते! चाचणी करा वा लपवा, शरीर सांडतंच. पोलिओचा माग मुंबईच्या सांडपाण्यात २००१पासून काढताहेत, तोही असाच. एका बाटलीत अख्खी वस्ती येते, कुणाच्या घरचं ते मात्र कळत नाही.

काटेकोर मंडळी म्हणतील, मोरीचं ते सांडपाणी, संडासाचं ते मैलापाणी, आणि विषाणू मुख्यतः दुसऱ्यात. बरं. पण केंद्रापर्यंत पोचतात ती दोन्ही एकाच नळातून, आणि ‘मैलापाणी’त छर्द् कुठाय?

हां, व्हेरियंट. ‘उपप्रकार’ म्हणा. ‘उत्परिवर्तन’ नको, ते म्हणजे म्युटेशन, एकेक सुटा बदल. ओमायक्रॉनच्या नुसत्या अंगावरच्या काटेरी (स्पाइक) प्रथिनात तसे ३०हून जास्त होते.