तालमीतल्या पोरांची मान

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

सकाळची लहान मुलांची बॅच आता तुझ्याकडे आली आहे. आठ वर्षांच्या पोरापासून सोळा वर्षांच्या पठ्ठ्यापर्यंत सगळे एकाच आखाड्यात उतरतात. गुडघा, खांदा, कान यांच्या दुखापती तुला ओळखता येतात. मानेचं तसं नाही. तिथली एक चूक पोराला जन्मभर अंथरुणाला खिळवू शकते, म्हणून आज फक्त मानेबद्दल लिहितो.

मानेत सात मणके असतात आणि त्यांची हलकी कमान असते. धक्का पचतो तो या कमानीमुळे. डोकं साधारण ३० अंश पुढे झुकलं की कमान जाते आणि मणके एका रेषेत येतात. अशा वेळी टाळू जमिनीवर किंवा समोरच्याच्या मांडीवर आपटली, तर मागून येणाऱ्या धडाचं सगळं वजन त्या सरळ काठीवर पडतं आणि ती मधेच मोडते. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोकं पुढे घालून धडक मारण्यावर १९७६ साली बंदी आली, आणि मान मोडून लुळं पडण्याचं प्रमाण झपाट्यानं घसरलं. डोकं कुठं ठेवायचं, एवढाच तो बदल होता.

आपल्याकडे हा धोका सगळ्यात जास्त पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना असतो. पोराची नजर समोरच्याच्या पायाकडे गेली की डोकं आपोआप खाली जातं. समोरच्यानं त्याच क्षणी अंग टाकलं, की टाळू मातीत आणि वर दोघांचं वजन. म्हणून शिकवताना क्रम पक्का ठेव: गुडघा आधी जमिनीला, पाठ सरळ, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर पुढे. नुसतं 'डोकं वर' असं ओरडून पोरांना कळत नाही. तू जोडीदाराच्या मागे उभा राहा आणि बोटं दाखव. पट काढता काढता किती बोटं दिसली ते पोरानं सांगायचं. बोटं चुकली तर पट धरायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून. कबड्डी खेळणाऱ्या पोरांनाही हेच लागू आहे. मांडी धरायला डोकं खाली घालून घुसणारा बचावपटू त्याच वाटेनं जातो.

एका गोष्टीत पोरांचा गोंधळ होतो, तो आधीच सोडव. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. पुढे जाताना मात्र हनुवटी कधीच छातीला नाही. दोन्ही पडणी वेगवेगळ्या दिवशी शिकव. धोबीपछाड आणि कलाजंग हे उचलून आपटायचे डाव तर पाठीवर नीट पडता आल्याशिवाय कुणालाच देऊ नकोस. फक्त डोकं किंवा मान दोन्ही हातांनी आवळून धरणं नियमातही बसत नाही; सरावात दिसलं तर तिथंच कुस्ती सोडव.

आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या पोराचं डोकं शरीराच्या मानानं मोठं, मानेचे स्नायू कोवळे आणि सांध्यांचे बंध सैल असतात. त्याला इजा होते ती बहुधा वरच्या मणक्यांत. बंध सैल असल्यानं मणका सरकून परत जागेवर येतो, पण मधल्या मज्जारज्जूला मार बसलेला असतो. एक्स-रे स्वच्छ येतो आणि पोराचे हात मात्र बधिर असतात. म्हणून 'फोटोत काही नाही' एवढ्यावर पोराला परत घेऊ नकोस. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येऊन गेला असेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारायला पालकांना सांग. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल तालमीत आलं तर डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय कुस्तीत घ्यायचं नाही; वरचे दोन मणके त्यांच्यात सैल असू शकतात.

डोक्यावर पूल घालण्याचा, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान करण्याचा, आपल्याकडे फार अभिमान आहे. माझं मत स्पष्ट आहे: चौदा वर्षांखाली हाताच्या आधाराशिवाय पूल नको, आणि पुलावर दुसऱ्याला बसवणं कोणत्याच पोराला नको. त्याऐवजी तळहात कपाळाला लावून डोक्यानं ढकलायचं, पण मान हलू द्यायची नाही. सहा ते आठ सेकंद. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. प्रत्येक दिशेला पाच वेळा, आठवड्यातून तीन दिवस.

माती रोज खणलेली हवी. टाच दाबल्यावर रुतली पाहिजे. मॅटवर वर्तुळाबाहेर स्पर्धेत दीड मीटरची मोकळी पट्टी असते. तालमीत आपण मॅट भिंतीपर्यंत टेकवतो आणि एका वेळी चार जोड्या सोडतो. दोनच सोड.

आता पोरगं पडलं आणि उठत नाही, तेव्हाचं. तालमीत चार हात लगेच पुढे येतात: उठवून बसवायला, पाणी पाजायला, मान चोळायला, 'मोकळी' करायला. हे चारही हात तुला थांबवायचे आहेत. त्याला बघायला मान वळवावी लागू नये म्हणून समोरून जा. 'हलू नकोस, नुसतं बोल' असं सांग. डोक्याशी गुडघे टेक, दोन्ही तळव्यांनी डोकं दोन बाजूंनी धर, कोपरं जमिनीवर किंवा मांडीवर टेकव. ओढायचं नाही. मान वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत असेल तर तशीच राहू दे. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लाव आणि 'मानेला मार' हे शब्द सांगायला लाव. श्वास मात्र मानेपेक्षा आधी. वरच्या मणक्यांतल्या नसाच श्वासपटल चालवतात, त्यामुळे श्वास थांबू शकतो. पालथा असेल आणि श्वास नसेल तर चार-पाच जणांनी ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं. हुकूम डोकं धरणाऱ्याचा. लहान पोराला सपाट फळीवर ठेवलं तर मोठ्या डोक्यामुळे मान पुढे दुमडते. पाठीखाली दोनेक सेंटिमीटर जाडीची टॉवेलची घडी ठेव. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्यायचं नाही. हाडवैद्याकडेही नाही.

एका हातात वीज गेल्यासारखी जळजळ होऊन काही मिनिटांत थांबली, तर बहुधा खांदा आणि मान विरुद्ध दिशेला ताणली गेलेली असते. त्या दिवशी कुस्ती बंद. दोन्ही हात आडवे उचलायला लाव, वरून दाब देऊन दोन्हीकडची ताकद ताडून बघ. मग कोपर, मग मूठ. फरक असेल किंवा असं पुन्हा घडलं असेल तर डॉक्टर. दोन्ही हातांत मुंग्या, चालताना तोल जाणं किंवा मानेच्या मधल्या हाडावर दुखणं हे मज्जारज्जूचं समजायचं. दोन मिनिटांत बरं वाटलं तरी.

चैत्रात जत्रांचे फड लागले की बाप सांगेल, 'एवढी एक कुस्ती होऊ दे.' मान सगळीकडे न दुखता वळते आहे, दोन्ही हातांची ताकद सारखी आहे आणि डॉक्टरांची परवानगी आहे, हे तिन्ही असल्याशिवाय जोडीला हात लावू देऊ नकोस. आधी एकट्यानं व्यायाम, मग पकड, मग शेवटी फेक.

येत्या रविवारी सराव लवकर थांबव. एका पोराला मातीत झोपव आणि मोठ्या पाच पठ्ठ्यांकडून त्याला वळवून घे. डोकं कोण धरणार ते नाव घेऊन ठरव. आणि मागच्या दाराचं कुलूप काढून बघ, स्ट्रेचर तिथूनच आत येणार आहे.

तुझा,
काका