घड्याळ राहू द्या, ते पाकीट कुठंय?

(एका वाचकाचा मेल दोन पानी आहे, गोषवारा देते. राहणार नाशिक, पासपोर्टवर पत्ता अजून डोंबिवलीचा. 2019 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या कारागिराकडे हाताने बनवलेल्या मनगटी घड्याळाची ऑर्डर दिली, 42,000 फ्रँक (ढोबळ 35 लाख रुपये) दोन हप्त्यांत बँकेतून पाठवले, 2022 मध्ये तिथे जाऊन घड्याळ घेतलं. 9 मार्च 2025 ला परदेशातून सुट्टीवरून परत येताना ग्रीन चॅनलमध्ये (ड्यूटी लागणारं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेत) कस्टम्सने थांबवलं, घड्याळ मनगटावरून उतरवून ठेवून घेतलं, व्हॅल्यूअरने किंमत लावली 61 लाख. हातात एक डिटेन्शन रिसीट, म्हणजे माल अडवून ठेवल्याची पावती. त्यानंतर एका एजंटच्या भरवशावर आठ महिने. प्रश्न: सहा महिन्यांत नोटीस आली नाही तर माल परत द्यावा लागतो असं वाचलंय, मग माझं घड्याळ परत मिळेल ना?)

तुमचा मेल मी दोनदा वाचला. पहिलं दीड पान घड्याळावर आहे आणि ते वाचायला खरंच छान वाटलं, तो माणूस वर्षाला वीसच घड्याळं करतो, मुव्हमेंटच्या, म्हणजे आतल्या यंत्राच्या, पट्ट्यांच्या कडा काडीने घासून आरशासारख्या करतो, मागच्या काचेतून ते दिसतं वगैरे. आणि मग शेवटी ताजा कलम म्हणून एक ओळ: "गणपतीत डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगचा वॉचमन म्हणाला होता की सरकारी पाकीट आलंय, आणायचं राहूनच गेलं."

अहो, तुमचा अख्खा प्रश्न त्या ओळीत आहे. बाकी दोन पानं नसती तरी चाललं असतं.

अडवू शकतात का, मनगटावरचं काढू शकतात का, यात मी शिरत नाही. असे मेल मला सारखे येतात, कुणाचं घड्याळ, कुणाची बायकोची चेन, आणि प्रत्येकाला तेच विचारायचं असतं. अडवतात. तुम्ही जाताना एक्सपोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे ही वस्तू इथूनच नेतोय असा कस्टम्सचा कागद, करून घेतलं असतंत तर हा मेल लिहायची वेळ आली नसती. पस्तीस लाखांची वस्तू हातात घालून देशाबाहेर जाताय आणि निघताना कस्टम्सच्या टेबलावर जाऊन एक कागद करून घ्यायचा कंटाळा. असो, झालं ते झालं.

आता तुम्ही जे वाचलंय ते बरोबर आहे, फक्त अर्धं वाचलंय. कस्टम्स कायद्याचं कलम 110(2) म्हणतं की माल जप्त केल्यापासून सहा महिन्यांत कलम 124 खालची शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस दिली नाही, तर ज्याच्याकडून माल घेतला त्याला तो परत द्यायचा. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानेही परदेशातून आणलेल्या गाडीच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलंय. तुमचे सहा महिने 9 सप्टेंबरच्या आसपास संपले. इथपर्यंत तुम्ही पोचलात आणि खूश झालात.

पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की कमिशनर लेखी कारणं देऊन ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतो, मात्र पहिली मुदत संपायच्या आत तुम्हाला तसं कळवून. आणि 2025 मध्ये गणपती बसले 27 ऑगस्टला, अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला. म्हणजे ते पाकीट आलं ते 9 सप्टेंबरच्या आत. योगायोग वाटतोय? मला नाही वाटत. मुदत संपत आली की सगळीच ऑफिसं जागी होतात.

पाकिटात शो कॉज नोटीस असेल तर तुमचा सहा महिन्यांचा मुद्दा जवळपास गेला, कारण नोटीस मुदतीत निघाली. उत्तराची तारीख उलटली असेल पण सुनावणी मागता येईल, अजून निकाल व्हायचाय, त्यामुळे फार घाबरायचं कारण नाही. मुदतवाढीचं पत्र असेल तर त्यांना मार्च 2026 पर्यंत वेळ मिळाला, तुमचा मुद्दा तोवर थंड.

आणि ऑर्डर, म्हणजे तुमच्या मालाबद्दलचा कस्टम्सचा निकालच, असेल तर मात्र पळा. कारण ऑर्डरविरुद्ध कमिशनर अपीलकडे जायला ऑर्डर मिळाल्यापासून 60 दिवस, आणि सबळ कारण दाखवलं तर वर 30. त्यापुढे एक दिवसही नाही, आजारपण नाही, मयत नाही, काही नाही. बाकी कोर्टांत विलंब माफीचा अर्ज टाकला की न्यायाधीश थोडं रागावून माफ करतात, तशी सवय इथे उपयोगाची नाही, कायद्यानेच त्या अधिकाऱ्याचे हात बांधलेत. 27 ऑगस्ट धरलं तर 90 दिवस 25 नोव्हेंबरला संपतात, 6 सप्टेंबर धरलं तर 5 डिसेंबरला. तुमचा मेल आलाय 22 नोव्हेंबरला, शनिवारी रात्री. मी हे रविवारी सकाळी लिहितेय. कळलं का मी का ओरडतेय ते?

"पण नोटीसच दिली नाही तर थेट ऑर्डर कशी निघेल?" हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल. निघते, कारण तुम्ही त्या रात्री सही केलीत. तुम्हीच लिहिलंय, "पहाटेचे तीन वाजले होते, दोन-तीन छापील कागदांवर सह्या घेतल्या, काय होतं आठवत नाही." त्यात बहुतेक वेळा एक छापील ओळ असते, की मला लेखी शो कॉज नोटीस नको, तोंडी ऐकलं, सुनावणीही नको. कलम 124 मध्ये तोंडी नोटिशीची सोय आहे, पण ती तुमच्या विनंतीवरून. आता पहाटे तीन वाजता रांगेत उभ्या असलेल्या माणसाने छापील फॉर्मवर केलेली सही म्हणजे विनंती का? दिल्ली हायकोर्टाने 2025 मध्ये एकामागून एक प्रकरणांत सांगितलं की नाही, असा छापील फॉर्म म्हणजे नोटीस सोडून देणं नव्हे, आणि बऱ्याच जणांचा माल परत द्यायला लावला. तिथे एका माणसाच्या एकाच महागड्या घड्याळाला "व्यापारी प्रमाण" म्हणायचा प्रयत्न झाला होता, तोही कोर्टाला पटला नाही. तुमचं प्रकरण दिल्लीत नाही, आपल्याकडे ते निकाल दाखवता येतील, बांधील नाहीत. मला त्या मुद्द्यात जीव वाटतो, पण छातीठोक सांगणार नाही, आधी तुम्ही सही केलेला कागद मला बघायचाय. तुमच्याकडे कॉपी नाही. अर्थातच नाही.

वॉचमनने घेतलं म्हणजे मला मिळालं का, असाही मुद्दा आहे आणि तो चांगला आहे. कागद तुम्हाला किंवा तुमच्या अधिकृत माणसाला मिळायला हवा, जुन्या सोसायटीचा वॉचमन तुमचा अधिकृत माणूस कसा, असं आपण म्हणू शकतो. पण समोरचा म्हणेल की पासपोर्टवर पत्ता तोच, रिसीटवर तुम्ही दिलात तोच, शेवटचा माहीत असलेला पत्ता तोच, स्पीड पोस्टची पोच आहे, मग आम्ही अजून काय करायचं? आणि वर हे की वॉचमनने तुम्हाला सांगितलं होतं. दोन महिने तुम्हाला माहीत होतं की सरकारी पाकीट पडलंय. ही गोष्ट कुणी विचारली तर खोटं बोलायचं नाही, त्यामुळे या मुद्द्यावर सगळा भार टाकू नका. 90 दिवसांच्या आत अपील जात असेल तर सरळ अपील टाका, वाद घालायला नंतर आयुष्य पडलंय.

ऑर्डर असेल तर तिच्यात अजून एक गोष्ट बघा, दंड भरून माल सोडवायचा पर्याय दिलाय का, म्हणजे कलम 125 ची रिडेम्प्शन फाइन. तो पर्याय दिल्यापासून 120 दिवसांत पैसे भरले नाहीत तर पर्यायच रद्द होतो, अपील चालू असेल तर गोष्ट वेगळी. बंदी नसलेल्या मालाला हा पर्याय द्यावाच लागतो आणि घड्याळाला बंदी नाही. घड्याळाचं बाहेरचं कवच सोन्याचं असेल तर कस्टम्सवाले वेगळा सूर लावू शकतात, तुमच्या रिसीटवर "पांढरा धातू" लिहिलंय, तो स्टील की प्लॅटिनम की व्हाइट गोल्ड ते तुम्ही दीड पानात कुठेच लिहिलं नाहीत, कमाल आहे.

त्या रिसीटचा फोटो बघितला. "एक नग मनगटी घड्याळ, पांढरा धातू, तपकिरी चामडी पट्टा." संपलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही, वापरलेलं आहे का नवं ते नाही. हे मला 61 लाखांपेक्षा जास्त खटकतंय. असा एक नग गोदामात दुसऱ्या कुठल्याही एक नगासारखाच दिसतो. जप्त मालातला काही माल निकालाआधी विकायची सोयही 110(1A) मध्ये आहे. म्हणून सोमवारी पहिलं पत्र जायला हवं, त्यात घड्याळाचा नंबर, मागच्या बाजूचा फोटो, ते सांभाळून ठेवा आणि विल्हेवाट लावू नका अशी लेखी विनंती, आणि सोबत पंचनामा, सही केलेला फॉर्म, व्हॅल्यूअरचा रिपोर्ट, मुदतवाढ किंवा ऑर्डर काढली असेल तर ती, सगळ्याच्या कॉपी मागा. हाताने द्या, पोच घ्या, शिक्का तारखेसकट. एजंटला पाठवू नका. त्याने आठ महिने "साहेब रजेवर आहेत" याशिवाय काय केलं ते मला मेलमध्ये सापडलं नाही.

किमतीचं बोलू थोडं, कारण पैसे तिथे आहेत. मार्चमध्ये 2016 चे बॅगेज नियम लागू होते, 50,000 पर्यंत सूट आणि वरच्यावर 38.5 टक्के. तुमचे 42,000 फ्रँक 2022 च्या दराने ढोबळ 35 लाख, त्यावर ड्यूटी होते साधारण सव्वातेरा लाख. 61 लाखांवर तीच होते सव्वातेवीस. दहा लाखांचा फरक एका व्हॅल्यूअरच्या सहीने. मोठ्या ब्रँडचं घड्याळ असतं तर दुकानातला भाव काढून दाखवला असता, इथे दुकानच नाही. मग व्हॅल्यूअर इंटरनेटवर शोधतो आणि त्याला लिलावाचे आकडे दिसतात. फिलिप द्युफूरच्या सिम्प्लिसिटी या साध्या तीन काट्यांच्या घड्याळाचा एक नग नोव्हेंबर 2020 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 13 लाख फ्रँकच्या पुढे गेला, असं काही वाचलं की कुठल्याही छोट्या कारागिराचं घड्याळ सोन्याची कोंबडी वाटायला लागतं. तुमच्या कारागिराची घड्याळं त्या भावाने जात असतील नसतील, पण तुमचं बिल आणि बँकेच्या एंट्र्या आहेत, तुम्ही दिलेली किंमत तीच आणि वर तीन वर्षं वापरलेलं. एवढ्या लहान कारागिराचा एक फायदा असा की मेल केला तर उत्तर तोच माणूस देतो, अमुक नंबरचं घड्याळ अमुक साली अमुक किमतीला यांना दिलं असं सही करून पाठवेल.

पण थांबा, ती चिठ्ठी लगेच मागवून लगेच फाइलला लावू नका, कारण ती दुधारी आहे. 2022 मध्ये तिथे घड्याळ हातात मिळालं हे तिच्यात सिद्ध होतं. मग ते भारतात कधी आलं, आणि आलं तेव्हा ड्यूटी भरली का? तुमच्या दोन पानांत याबद्दल एक शब्द नाही. मी इथे विचारत नाही, इथे सांगूही नका. भरली असेल आणि पावती सापडली तर तुमची केस एका दिवसात पालटते, घरातलं प्रत्येक कपाट उपसा. भरली नसेल तर "माझं जुनंच घड्याळ आहे" हा बचाव मांडताना तुम्ही दुसरंच काहीतरी कबूल करताय, आणि त्या रात्री तुमचं कलम 108 खाली स्टेटमेंट, म्हणजे कस्टम्स अधिकाऱ्यासमोरचा जबाब, झालं असेल तर त्यात काय बोललात त्यालाही वजन असतं. अशा वेळी योग्य किमतीवर ड्यूटी, थोडा दंड भरून सोडवायची तयारी ठेवणं हेच मी सांगेन. जुनं प्रकरण कितपत उकरता येतं यावर वकिलांची मतं वेगळी आहेत, माझं मत कागद बघितल्यावर.

आणि हो, प्रोव्हिजनल रिलीजचा, म्हणजे निकालाआधी माल तात्पुरता सोडवायचा, अर्ज एजंटच्या सांगण्यावरून टाकू नका. 110A खाली एकदा तशी ऑर्डर झाली की सहा महिन्यांची अट लागू राहत नाही, कायद्यात 2018 पासून तसं आहे. पाकिटात काहीच नसेल, म्हणजे ते प्रॉपर्टी टॅक्सचं बिल निघालं, तर तुमच्या हातात उरलेलं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे, ते फुकट घालवू नका. तसं झालं तर सरळ हायकोर्टात रिट. किती दिवस लागतील विचारू नका, बोर्डावर नाव येऊनही संध्याकाळी साडेचारला "वेळ संपली, पुढची तारीख" ऐकून मी परत आलेय, एकदा नाही खूपदा. आणि घड्याळ परत मिळालं तरी प्रकरण मिटलं असं नसतं, माल परत द्यावा लागला तरी दंडाची कारवाई पुढे चालू शकते.

स्विस घड्याळांवरची ड्यूटी कमी झाली ना, असं विचारलंत. एफ्टा देशांशी (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन) झालेला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला, तो रीतसर आयात होणाऱ्या मालाला, सोबत मूळ देशाचा कागद असेल तर. बॅगेचा दर वेगळा, आणि तुमचं मार्चमधलं. सोडून द्या.

आता आधी वॉचमनला फोन लावा. पाकीट फोडायचं नाही म्हणावं, दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठव, पोस्टाचा शिक्का आणि पाठवणाऱ्याचा पत्ता नीट दिसला पाहिजे. पाकीट कुठल्या तारखेला घेतलं आणि वहीत लिहिलं होतं का तेही विचारा, बऱ्याच सोसायट्यांत टपालाची वही असते, त्या पानाचाही फोटो घ्या. मग कल्याण-शिळ रोडचा ट्रॅफिक असो नसो, आजच गाडी काढून डोंबिवलीला जा, आणि पाकीट तुमच्या हातात आलं की तिथूनच मला फोन करा, नंबर मेलमध्ये दिलाय.