स्क्रायबसवर दिवाळी अंक लावायला घेतला तर हा प्रोग्रॅम पुढे टिकेल का?

तुम्ही विचारलंय की वाचनालयाचा दिवाळी अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमवरून स्क्रायबस या फुकट, खुल्या कोडच्या (कुणालाही बदलता येईल अशा) प्रोग्रॅमवर न्यावा का, की तोही उद्या बंद पडेल. मी वीस वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम) करतोय, मागचे तीन अंक स्क्रायबसवर लावलेत, त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे, न्या.

तुमची भीती खोटी नाहीये. बनवणारी माणसं मोजकी आहेत आणि वेग फार कमी, १.४ आली २०१२ ला आणि त्यानंतरची मोठी स्थिर आवृत्ती १.६ आली ती थेट २०२४ च्या जानेवारीत. १.४ मध्ये तर मराठी लावताच यायचं नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर बसायची, जोडाक्षरं फुटायची. ते सुधारलं २०१७ ला १.५.३ मध्ये, आणि ते काम केलं ओमानमधल्या लोकांनी, कारण त्यांना अरबी नीट लावायचं होतं! देवनागरीलाही त्याचा फायदा झाला. कोड खुला नसता तर हे कुणी केलंच नसतं, आणि प्रोग्रॅम टिकेल की नाही हे मी यावरूनच ठरवतो, की ज्याला गरज आहे त्याला तो स्वतः दुरुस्त करता येतो का.

मोठी कंपनी पाठीशी आहे म्हणून निर्धास्त राहायचं तर पेजमेकर बघा ना. शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, २००४ ला तो बनवणाऱ्या अडोबी कंपनीने पुढचं काम थांबवलं, आणि त्यांच्याच इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅममध्येही सीएस६ आवृत्तीनंतर त्या फायली उघडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट पब्लिशरचंही ऑक्टोबर २०२६ ला बंद करायचं जाहीर झालंय. माझ्याकडे २००६ चा एक अंक आहे, फाइल आहे पण त्या फॉन्टचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायची किल्ली, ती नसेल तर फॉन्ट चालत नाही) गेला, सगळा मजकूर म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, शेवटी छापील अंक समोर ठेवून चाळीस पानं परत टाइप केली. फार जीव तुटतो असं करताना.

स्क्रायबसची फाइल साधी एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडली तरी तुमची कविता तिथे वाचता येते, फक्त मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) हवा, जुन्या फॉन्टमधला आधी कन्व्हर्ट करा आणि र्‍या, ऱ्ह, रफार डोळ्यात तेल घालून तपासा, तिथेच चुका राहतात.

आणि हो, शंभर पानांचा मजकूर एकाच साखळीत जोडू नका, खूप स्लो होतं, प्रत्येक लेखाच्या फ्रेम (मजकुराच्या चौकटी) वेगळ्या ठेवा. टेबलं कच्ची आहेत, जाहिरातींचे दरपत्रक वगैरे बाहेर बनवून चित्र म्हणून टाका. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि पीडीएफ मात्र उत्तम निघते. यंदा आधी आठ पानं लावून तुमच्या छापखान्यात एक प्रूफ काढून बघा, त्यांना पीडीएफ चालत असेल तर बाकीचा अंक बिनधास्त लावायला घ्या.