मोठी दुर्घटना घडली तर सरकारी रुग्णालयातले कर्मचारी खरंच तयार असतात का?

सोळा वर्षं सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत गेली. म्हणून स्पष्टच सांगते: बाहेरून जखमी यायला लागले तर आम्ही बऱ्यापैकी तयार असतो. आमच्याच इमारतीला काही झालं तर नाही.

बाहेरचंही ठेच लागूनच शिकलो. काही वर्षांपूर्वी घाटात बस उलटली. आधी पोचले ते रिक्षातून, टेम्पोतून आलेले, खरचटलेले किंवा मनगट मोडलेले. सगळे बेड त्यांनीच भरले. मागून १०८ मधून पोटात रक्तस्राव होत असलेला माणूस आला, तर ट्रॉली नाही! कमी लागलेलेच आधी पोचतात, हे सगळीकडे असंच असतं म्हणे. आता दारातच एक सीनियर सिस्टर रंगीत पट्ट्या घेऊन उभी राहते. लाल म्हणजे जिवावर बेतलेला, तो आत; पिवळा थोडा थांबू शकणारा, तो बाजूला; हिरवा किरकोळ लागलेला, तो थेट ओपीडीत. काळी पट्टी, म्हणजे गेलेला किंवा वाचण्यापलीकडचा, बांधायला मात्र हात धजत नाही, शेजारी नातेवाईक असतील तर नाहीच.

आता आतलं. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयू पेटलं, तेही भरदिवसा. आयसीयूत हवेतच ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे आग विचार करायला वेळ देत नाही. तेवढ्यात वॉर्डाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पेशंट जिना न उतरता त्याच मजल्यावर पलीकडच्या भागात न्यायचे. उचलणारं कुणी नसेल तर चादरीसकट जमिनीवरून ओढत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या सिस्टरला विचारा, तिच्या वॉर्डाचा व्हॉल्व्ह कुठे आहे. मला स्वतःला माझ्या आयसीयूतला तिसऱ्या वर्षी कळला.

मॉक ड्रिल होतं, नाही असं नाही. आधी परिपत्रक येतं, सकाळी अकराला फोटो निघतात आणि आग विझवायच्या सिलिंडरची पिन एकच जण ओढतो, बहुतेक वेळा अग्निशमनवालाच. रात्रपाळीला चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर असतात. त्यांनी ड्रिल पाहिलेलंच नसतं, कारण त्या वेळी त्या घरी झोपलेल्या असतात. मावशी आणि वॉर्डबॉय तर कंत्राटी, त्यांना कुणी बोलावतच नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा सिस्टर अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं लावून वीस गरोदर बायकांना टोकाच्या पॅन्ट्रीत हलवलं. धाडस तर होतंच, पण मला त्यात आणखी एक दिसतं: आपल्या वॉर्डात आडोशाची जागा कुठे आहे, हे त्यांना पाठ होतं.

आमच्याकडे मागच्या वर्षी मी हट्टाने रात्री दोनला ड्रिल घ्यायला लावलं. संकटकालीन दरवाजासमोर सलाइनचे खोके रचलेले आणि दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात, ऑफिस बंद. दुसरी किल्ली कुठे टांगलेली असते ते एकट्या मावशींना माहीत होतं, आणि त्या चहा आणायला खाली गेल्या होत्या.